व्हाया पूर्णा, पेंग्विनकडे

हिंगोलीहून पेंग्विनकडे जायच्या वाटा दोन. पहिली गोव्यातून. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम १९८१ च्या डिसेंबरात गोव्याहूनच बोटीने निघाली होती; पण त्या वाटेने जायचं तर आधी शास्त्रज्ञ व्हावं लागतं. दुसरी वाट जनशताब्दीची. ही गाडी पूर्वी जालन्यालाच मुक्काम करायची, २०२४ च्या ऑगस्टपासून ती हिंगोलीपर्यंत येऊ लागली, आणि कळमनुरी, सेनगावच्या पोराबाळांना राणीची बाग एका गाडीच्या अंतरावर आली. अर्थात मराठवाड्यातून मुंबईला जाणारी कुठलीही गोष्ट सरळ जात नाही. गाडी आधी वसमत करत दक्षिणेला पूर्णेकडे उतरते, म्हणजे मुंबईला निघालेला माणूस पहिले ऐंशी किलोमीटर मुंबईच्या दिशेने जातच नाही. मग परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर, मनमाड, नाशिक करत दादर, आणि तिथून लोकलने भायखळा. एकूण अंतर साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास, आणि गाठायचं काय, तर जेमतेम सव्वादोन फुटी पक्षी. हा हिशेब ज्याला वेडेपणाचा वाटतो त्याने हिंगोलीतल्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात डोकावावं. दप्तरावर पेंग्विन, पाण्याच्या बाटलीवर पेंग्विन, पहिल्या वाढदिवसाच्या केकवर पेंग्विन. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो अशा या जिल्ह्यात, जिथे बर्फ फक्त रसवंतीत दिसतो, तिथे या पक्ष्याचं एवढं कौतुक कशापायी?

बर्फापायी, हे पहिलं उत्तर सगळ्यांच्या तोंडी येतं आणि भायखळ्याला पोचताच वितळतं. राणीच्या बागेत २०१६ साली सोलहून आठ पेंग्विन आले, ते हम्बोल्ट जातीचे. ही जात पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरची. तिथे समुद्राचा प्रवाह थंड असला तरी किनारा चक्क वाळवंटी आहे, आणि हे पक्षी समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेच्या थरांत बिळं करून संसार थाटतात. बर्फाशी त्यांचा संबंध आपल्याइतकाच. बागेत त्यांच्यासाठी सोळा ते अठरा अंश तापमान राखतात. हिंगोलीत डिसेंबरातल्या पहाटे दूध आणायला निघालेला माणूस याहून गार हवेत असतो, आणि त्याला बघायला कोणी तिकीट काढत नाही.

तेव्हा बर्फ बाजूला ठेवावा. पेंग्विनचं सगळं भांडवल त्याच्या चालीत आहे, आणि तेही ती चाल वाईट आहे म्हणून. हे पटवायला एकच पुरावा पुरेसा वाटतो. पाण्यात हा पक्षी असामान्य आहे. जेंटू जातीचा पेंग्विन ताशी तीस किलोमीटरच्या पुढे पोहतो. आपल्या तालुक्याच्या रस्त्यांवर एसटीला हा वेग गाठताना धाप लागते. पण दप्तरावर, केकवर, मोबाइलच्या स्टिकरवर पोहणारा पेंग्विन शोधून दाखवा. सापडणार नाही. सगळीकडे तो जमिनीवर उभा, हात अंगापासून जरा दूर, आणि आता पडतो की मग पडतो अशा बेताने डुलत निघालेला. म्हणजे ज्या कामात तो निष्णात आहे त्याकडे जगाने पाठ फिरवली आणि जे त्याला धड जमत नाही त्यावर जीव लावला. वेर्नर हेर्त्सोग या जर्मन दिग्दर्शकाने २००७ च्या आपल्या माहितीपटात एक पेंग्विन दाखवला आहे. कळप आणि समुद्र सोडून तो एकटाच आतल्या डोंगरांकडे, म्हणजे मरणाकडेच, चालत सुटतो. ते दृश्य आजही मोबाइलवर फिरतं, आणि त्याखाली लोक आपापली नोकरी, लग्न आणि स्पर्धापरीक्षा लिहितात. तोच पक्षी पोहत चुकीच्या दिशेला गेला असता तर कोणाला पत्ताही लागला नसता.

यावर जाणकार म्हणतील की हा सगळा गोंडसपणाचा मामला आहे. मोठं डोकं, गोल अंग, आखूड पाय दिसले की माणसाला बाळ आठवतं, असं कोनराड लोरेन्झ यांनी १९४३ सालीच मांडून ठेवलंय. मांडलंय खरं, पण मग घुबडाचं काय? डोकं त्याचंही मोठं, डोळे तर पेंग्विनपेक्षा कितीतरी मोठे, अंगही गोल, आणि तरी ते छपरावर बसलं की घरातलं म्हातारं माणूस खडा शोधतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: डुलत तर बदकही चालतं. चालतं, पण आडवं चालतं. पेंग्विन उभा चालतो, आणि उभं चालणाऱ्याला आपण नकळत माणसांत मोजतो. त्याची पाठ काळी, पोट पांढरं. त्यामुळे लग्नात सासऱ्याने शिवून दिलेला कोट पहिल्यांदाच घालून मांडवात शिरलेला जावई जसा दिसतो, तसा तो जन्मभर दिसतो. गंमत म्हणजे ज्या चालीला आपण हसतो ती बावळट नाहीच. ग्रिफिन आणि क्रॅम या दोन शास्त्रज्ञांनी सम्राट पेंग्विनांना मोजयंत्रावरून चालवलं आणि २००० साली ‘नेचर’मध्ये निष्कर्ष छापला, की हे डुलणं ऊर्जा वाया घालवत नाही, उलट वाचवतं, चालणं महाग पडतं ते पाय आखूड म्हणून. गरिबीतही काटकसरीने चालणारा हा गृहस्थ आपल्याला ओळखीचा वाटला तर नवल कसलं!

आणि चालण्याची कदर हिंगोली जिल्ह्याला शिकवायची गरज नाही. याच जिल्ह्यातलं नर्सी हे संत नामदेवांचं गाव मानतात. इथून पंढरपूर आणि पुढे पार पंजाबातलं घुमान, ही त्यांच्या पायांची व्याप्ती. औंढ्याला तर नामदेवांना कीर्तनासाठी देवळामागे धाडलं तेव्हा देऊळच त्यांच्याकडे वळलं, अशी कथा सांगतात. ज्या मुलखात देऊळ फिरल्याची गोष्ट आजी नातवाला सहज सांगते, तिथे उडणं सोडून पायी निघालेला पक्षी कोणाला परका वाटणार? सम्राट पेंग्विनांच्या पदयात्रेवरचा फ्रेंच माहितीपट २००५ साली जगभर गाजला. समुद्रापासून पिल्लं वाढवायच्या जागेपर्यंत कित्येक किलोमीटर बर्फ, आणि त्यावरून एकामागे एक निघालेली रांग. पॅरिस-न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांना त्यात अद्भुत दिसलं. आषाढात रस्त्याच्या कडेला उभं राहून दिंडी बघण्यात ज्यांचं बालपण गेलं त्यांना ‘एवढी माणसं चालतात कशी’ हा प्रश्न नवा नसतो, आणि त्याचं उत्तर चालणाऱ्यांना विचारायचं नसतं हेही ठाऊक असतं.

आता पैशाचा आक्षेप. दुष्काळाच्या राज्यात पेंग्विनला वातानुकूलित घर कशाला, हा प्रश्न मुंबईत वर्षानुवर्षं गाजला, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आठांपैकी एक पक्षी पहिल्याच वर्षी गेला. २०१८ च्या स्वातंत्र्यदिनी जन्मलेलं पिल्लू, भारतातलं पहिलंच, काही दिवसांत दगावलं. पुढची पिल्लं जगली. बागेचं तिकीट २०१७ साली पाच रुपयांवरून पन्नासवर गेलं. खर्च योग्य की अयोग्य हे महापालिकेच्या सभागृहात ठरावं. माझा मुद्दा एवढाच, की या भांडणाने पेंग्विनची लोकप्रियता कमी न होता पक्की झाली. त्याचं नाव राजकीय टोमण्यात आलं, आणि आपल्याकडे टोमण्यात जागा मिळणं म्हणजे घरात जागा मिळणं. २०२५ साली तर या बागेत जन्मलेल्या पिल्लांना इंग्रजी नावं का, मराठी का नाहीत, म्हणून आंदोलन झालं. मला ही मागणी अत्यंत न्याय्य वाटते. बारशाच्या नावावरून भांडायचं ते आपल्याच घरच्या लेकराच्या. नॉर्वेच्या राजाच्या रक्षकदलाने एडिंबरोच्या प्राणिसंग्रहालयातल्या निल्स ओलाव या पेंग्विनला २०२३ साली मेजर जनरल केलं. आपण अजून पाळण्याशी आहोत, पण नातं लावण्याची रीत तीच.

एक शंका उरते, ती चारित्र्याची. लेविक नावाचा डॉक्टर स्कॉटच्या १९१० च्या मोहिमेबरोबर अंटार्क्टिकाला गेला, अडेली पेंग्विनांच्या वसाहतीत राहिला, आणि तिथले नरांचे उद्योग बघून इतका हादरला की काही नोंदी त्याने ग्रीक लिपीत केल्या, म्हणजे भलत्याच्या नजरेला पडू नयेत. तो लेख निवडक लोकांपुरता छापला गेला आणि सर्वांसमोर यायला २०१२ साल उजाडलं. शिवाय हे पक्षी घरट्यासाठी शेजाऱ्याचे खडे चोरतात, तेही शेजारी समोर असताना. यावर मी एवढंच म्हणेन, की बांधावरचा दगड रात्रीत हातभर सरकण्याचं ज्ञान ज्या तालुक्यांना आहे तिथे या कारणाने कोणी नातं तोडत नाही. आणि खड्यांचाच प्रश्न असेल तर आपल्या काळ्या पाषाणाच्या मुलखात अडेलींना चोरी करायची वेळच येणार नाही.

तेव्हा ज्यांना निघायचंय त्यांनी निघावं. फक्त बुधवार टाळावा, त्या दिवशी बाग बंद असते. मात्र बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग उघडी राहते आणि गुरुवारी बंद होते, एवढं पूर्णा सोडण्याआधी पंचांगात बघून घ्यावं.