बिल्ड मोहन्याबाहेर जाऊ न देण्याची रीत

उद्देश आधी पक्का करावा. प्रोजेक्ट कंपनीचा असला तरी बिल्ड आपल्या मोहने गावात, आपल्याच लॅपटॉपवर झाला पाहिजे. त्याशिवाय आंबिवली स्टेशनावरची सकाळची गर्दी चुकवून आपल्याला घरून काम कोण करू देणार?

साहित्य: मेव्हन, एक पॉम फाइल आणि बऱ्यापैकी निगरगट्टपणा.

डेटाबेसचा पासवर्ड आपल्या होम फोल्डरातल्या सेटिंग्ज फाइलमध्ये ठेवा. पासवर्ड गिटमध्ये टाकू नये हे सगळ्यांना मान्यच असतं. आपण त्याच्या आडोशाला बाकीचंही लपवायचं. ही फाइल प्रोजेक्टबरोबर जात नाही, त्यामुळे पुण्याचा सहकारी कोड उतरवून घेतो आणि दिवसभर स्क्रीनचं तोंड बघत बसतो. (पूर्वी 'प्रोफाइल्स डॉट एक्सएमएल' ही आणखी एक चोरजागा होती. 2010मध्ये मेव्हन 3 आलं आणि ती गेली. आमच्या गावची एनआरसी कंपनी तरी कुठे टिकली!)

मग खरी कलाकुसर. ठरावीक जागी ठरावीक फाइल असेल तरच जागं होणारं प्रोफाइल पॉममध्ये लिहा. मी डी ड्राइव्हवर 'मोहने' फोल्डर करून त्यात एक रिकामी फाइल ठेवली होती. ती सापडली की खरा डेटाबेस. नाहीतर 'अ‍ॅक्टिव्ह बाय डिफॉल्ट' लावलेलं टेस्टचं प्रोफाइल. हे डिफॉल्ट म्हणजे लोकलमध्ये रिकामी दिसली म्हणून बसलेली जागा. त्याच पॉममधलं दुसरं कुठलंही प्रोफाइल आलं की मुकाट उठायचं. सहकाऱ्याने नुसतं जादा लॉगचं प्रोफाइल 'डॅश पी' लावून मागितलं तरी टेस्टचा डेटाबेस गायब. कोणी 'हेल्प, अ‍ॅक्टिव्ह प्रोफाइल्स' ही कमांड चालवायला निघालाच, तर त्याला ताबडतोब चहाला न्यावं.

दोन वर्षं सुखात गेली. मग लॅपटॉप बदलला. आता मोहन्याचं इंग्रजी स्पेलिंग हा गावाचा जुनाच घोळ. 'एच'नंतर कुठे 'ए', कुठे 'ओ'. पॉममध्ये माझा 'ए' होता, नव्या फोल्डरला मी 'ओ' दिला. मेव्हनने हूं की चूं केलं नाही. 'बिल्ड सक्सेस' लिहून मोकळं. डेमोत क्लायंटसमोर पहिलंच बिल निघालं ते 'अबक ट्रेडर्स, टेस्ट टेस्ट' या नावाने.

पुण्याला फोन लावला. "अरे, तुझ्याकडे चालतंय का?"

"कधीपासून! तुझी प्रोफाइलं उडवली. डेटाबेसचा पत्ता चालू करताना बाहेरून देतो."