तोरणमाळ, डावीकडे जरा जड

आमची गाडी सरळ उत्तम चालते. नंदुरबार ते प्रकाशा या रस्त्यावर तिच्यात खोट आहे असं कुणी शपथेवर सांगितलं असतं, तरी मी मानलं नसतं. प्रकाशाला तापी-गोमाईचा संगम, दक्षिण काशी म्हणतात. आम्ही पुलावरूनच हात जोडले, म्हणजे हिने जोडले. माझे दोन्ही हात स्टिअरिंगला लागतात.

खरं तर नंदुरबारातच कळायला हवं होतं. पण तिथे मिरचीच्या पथाऱ्यांवर नजर जाईल तिथवर लाल रंग. त्यात आमच्या गाडीखालचा लाल ठिपका कोण बघतो? पॉवर स्टिअरिंगचं तेलही लालच असतं.

हे दुखणं जुनं आहे. एका मिस्त्रीने पंप बदलला, दुसऱ्याने होज, तिसऱ्याने बेल्ट. प्रत्येकाने आधीच्याला नावं ठेवली आणि बिल दिलं. आता आरसी बुकातलं माझं नाव तेवढं मूळचं उरलं आहे. तेल कमी झालं की पंप हवा ओढतो आणि मानपान न मिळालेल्या वरमाईसारखा कण्हतो. टॉपअप केलं की आठवडाभर गप्प.

शहाद्याच्या मिस्त्रीने "काय व्हयनं, भाऊ?" म्हणत बॉनेट उघडलं, गाडीखाली शिरला, रॅकच्या टोकाचं रबरी बूट पिळलं. आतून तेलाची धार लागली. "पंप चांगला शे. सील गयं." रॅक धुळ्याहून मागवावा लागेल म्हणाला. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळ्यापासून वेगळा झाला, सुटे भाग मात्र अजून एकत्र कुटुंबातच राहतात. त्याने टाकी भरली, एक बाटली सोबत दिली आणि बजावलं, उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवायचं नाही, आणि शेवटपर्यंत वळवून धरून ठेवायचं नाही. घाटात दुसरं काय करतात, हे मी विचारलं नाही.

वाचणाऱ्यांपैकी कुणी तरी म्हणेलच की आमच्या वडिलांनी अँबॅसिडर नुसत्या मनगटावर चालवली. चालवली असेल. 1951 साली अमेरिकेत क्रायस्लरने पॉवर स्टिअरिंगची गाडी विकायला काढली, त्याआधी सगळं जग मनगटावरच चालत होतं. पण त्या गाड्यांचं चाकही मोठं आणि फेरेही जास्त, जोर कमी लागावा म्हणून. आमच्या गाडीची रचनाच मदत गृहीत धरून केलेली. मदत बंद पडली की चाकांबरोबर रॅकमधलं तेलही आपणच ढकलायचं. शिवाय वेगात ही उणीव फारशी जाणवत नाही. हळू जाताना, पूर्ण वळताना जाणवते. म्हणजे नेमकं तोरणमाळला.

म्हसावद गेलं, राणीपूर गेलं, घाट सुरू झाला. एका चढाच्या वळणावर पंप कण्हला आणि स्टिअरिंग दगड झालं. वरून एसटी येत होती.

"अगं, ओढ!"

"अहो, कुठल्या बाजूला?"

"तुझ्या!"

तिने दोन्ही हातांनी चाक धरून ओढलं. बांगड्या खळखळल्या, एक फुटली. गाडी कशीबशी डोंगराच्या कडेला लागली. एसटीही थांबली आणि प्रत्येक खिडकीतून एकेक डोकं बाहेर आलं. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "हवा धरलीय. तेल ओता, अन् स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहा."

मिस्त्रीने मना केलेली एकूण एक गोष्ट मी एसटीच्या साक्षीने केली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. टाकीत बुडबुडे येत होते. मोळी घेऊन चाललेल्या दोन बाया थांबल्या, जागच्या जागी माना हलवणारी चाकं पाहून पदर तोंडाला लावून हसल्या, आणि मोळीसकट खाली बसल्या. खेळ लवकर संपणार नाही हे त्यांनी ओळखलं होतं.

एसटी गेल्यावर ही मनगट चोळत म्हणाली, "याच गाडीवर मला शिकवणार होतात तुम्ही. लर्निंग लायसन्ससुद्धा काढलं होतं." आवाजात तक्रार नव्हती, तीच पंचाईत. मी बाटलीवरचं लेबल वाचू लागलो. मग कळलं की ती हसते आहे. "पण जोर आहे हो माझ्या हातात."

होता. पुढची सगळी वळणं आम्ही दोघांनी मिळून घेतली.

तोरणमाळला यशवंत तलाव आहे, सीताखाई आहे, उंची साडेअकराशे मीटरच्या आसपास आणि थंडी त्या मानाने. यशवंत तलाव पाहिला; सीताखाईच्या वाटेवर फार वळणं होती.

उतरताना म्हसावदजवळ शहाद्याच्या मिस्त्रीचा फोन लागला. रॅक आला होता, पण आमच्या गाडीचा नव्हता. मात्र त्याच्या मेव्हण्याच्या गाडीला तंतोतंत बसला असता, आणि योगायोगाने मेव्हणा ती गाडी विकायला काढतच होता. घेता का?

हिने माझ्या हातातून फोन घेतला.

"भाऊ, स्टिअरिंग कसं आहे तिचं? मी चालवणार आहे."