सूचना कोठे वाजवावी: ॲपमध्ये की खिशात?

कारखान्याच्या वा कार्यालयाच्या सॉफ्टवेअरमधून येणाऱ्या सूचना दोन जातींच्या असतात. इन-ॲप अलर्ट ॲप उघडणाऱ्यालाच दिसतो. पुश नोटिफिकेशन ॲप बंद असले तरी फोनवर येऊन धडकते. १८७० च्या दशकात सोलापुरात कापडगिरणी निघाली, तेव्हापासून हा भेद शहराच्या अंगवळणी पडलेला आहे. गेटाच्या आतल्या फळ्यावरची नोटीस कामावर आलेला वाचे. भोंगा मात्र रजेवरच्यालाही उठवी आणि गिरणीशी काडीचा संबंध नसलेल्या शेजाऱ्यालाही.

इन-ॲप अलर्टला कोणाची परवानगी लागत नाही. तो घंटेच्या चित्राखाली निमूट पडून राहतो. पुशचा प्रवास लांबचा: कारखान्याचा सर्व्हर, तेथून गूगल किंवा ॲपलचा सर्व्हर, मग फोन. ॲपलने ही सोय २००९ मध्ये सुरू केली. आयफोन आधी परवानगी विचारतो. अँड्रॉइडही १३ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, विचारू लागला. फोन बंद असल्यास गूगल निरोप जास्तीत जास्त चार आठवडे सांभाळते, नंतर टाकून देते. अहवालात मात्र असा निरोपही ‘पाठवला’ याच रकान्यात बसतो, आणि साहेब तो ‘वाचला’ असा वाचतात.

आता प्रत्यक्ष वापर. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना घ्यावा. रात्रपाळीत मागावरचा बीम संपत आला, ही सूचना घंटेखाली टाकावी. ती ऑफिसातल्या संगणकावर दिसेल. ऑफिसला सायंकाळी कुलूप लागते, हा तपशील गौण. संचालकांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा मात्र पहाटे पुशने पाठवाव्यात, म्हणजे रात्रपाळी करून नुकत्याच आडव्या झालेल्या जॉबरला त्या सर्वांआधी मिळतील. कामाची गोष्ट कामाच्या जागी थांबू शकते, शुभेच्छा थांबू शकत नाहीत, असे हे शास्त्र आहे.

परवानगी ॲप उघडताक्षणीच मागावी, ॲप कशासाठी आहे हे कळण्याआधी. आयफोनवर एकदा नकार मिळाला की ॲपला तो प्रश्न पुन्हा विचारता येत नाही. मग ऑफिसातल्या पोराने प्रत्येकाचा फोन घेऊन सेटिंगमध्ये शिरावे.

अँड्रॉइडमध्ये आठव्या आवृत्तीपासून, २०१७ पासून, सूचनांचे वेगवेगळे चॅनल करता येतात आणि वापरणारा नको तो चॅनल बंद करू शकतो. ही फट वेळीच बुजवावी. बॉयलरचा दाब, हजेरी, वाढदिवस, सत्यनारायण हे सारे ‘अतिमहत्त्वाचे’ या एकाच चॅनलमध्ये कोंबावे. वाढदिवस टाळायचा तर बॉयलरही टळेल, या धाकाने कोणी काही बंद करणार नाही, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात आठवडाभरात सगळेच सगळे बंद करतात.

त्यानंतर बीम संपल्याचा निरोप पोऱ्याला पिटाळून द्यावा. मागांच्या खडखडाटात त्याने जॉबरचा खांदा हलवावा. या पद्धतीत निरोप पोहोचल्याची खात्री लगेच होते.