शेपटीवरचा झेंडा

हेलसिंकी ते टोकियो अंतर किती? पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरा, ७,८०० किलोमीटरच्या आसपास भरतं. आणि वेळ? २०२२च्या फेब्रुवारीपर्यंत साडेनऊ तास, मार्चपासून तेरा. दोन्ही शहरं मात्र जागची तसूभरही हललेली नाहीत.

हलला तो रशिया. युक्रेनवर चालून गेला. युरोपने रशियन विमानांना आपलं आकाश बंद केलं, रशियाने लगेच परतफेड केली. दोन बिऱ्हाडांचं वाजलं की मधल्या बोळात बांबू आडवा पडतो, त्यातलाच प्रकार. फक्त हा बोळ सायबेरियाएवढा. ‘आशियाला जायची जवळची वाट आमच्याकडून’ या एका गोष्टीवर फिनलंडच्या फिनएअर या विमान कंपनीने आपला धंदा उभा केला होता. तो पार कोलमडला. विमान आता नॉर्वे, उत्तर ध्रुव, अलास्का अशी प्रदक्षिणा घालत जपानला निघालं. इंधन जवळपास ४० टक्के जास्त. आणि साडेतीन तास जादा बसून राहिलेल्या प्रवाशाला काय मिळालं? उत्तर ध्रुव ओलांडल्याचं प्रमाणपत्र. वर एक स्टिकर. घ्या, चिकटवा बॅगेवर!

गंमत पुढेच आहे. फिनएअरने १९८३ साली टोकियोची थेट सेवा सुरू केली तीही ध्रुवावरूनच, कारण तेव्हा सोव्हिएत संघ वाट देत नव्हता. तेव्हाही साधारण तेराच तास लागायचे. चाळीस वर्षांत इंजिनं सुधारली, पंख कार्बन फायबरचे झाले, खुर्चीत पडदा आला. घड्याळाचा काटा होता तिथेच.

युरोपात ये-जा करणारी चिनी विमानं मात्र खुशाल रशियावरून जातात. त्यांचं कुणाशी वाजलेलं नाही. म्हणजे शहरं तीच, आकाश तेच. अंतर ठरतं ते विमानाच्या शेपटीवर झेंडा कुणाचा आहे त्यावरून.

आपण हसण्यात अर्थ नाही. २०२५च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं, आपणही त्यांना केलं. दिल्लीहून लंडनला, म्हणजे वायव्येला, जायचं विमान आधी खाली गुजरातकडे, तिथून अरबी समुद्रावर आणि मग कुठे पश्चिमेला. अमेरिकेच्या काही फेऱ्या तर इंधन भरायला युरोपात उतरू लागल्या. पाकिस्तानची बंदी भारतीय विमानांपुरती. परदेशी कंपन्यांना वाट मोकळीच. भांडण दोन सरकारांचं, वळसा गुडघे आखडून बसलेल्या प्रवाशाला.

तेव्हा तिकीट काढताना किलोमीटर मोजत बसू नका. विमान कुणाचं आणि त्याच्या देशाचं सध्या कुणाशी वाकडं आहे, तेवढं बघा. वाकड्या वाटेचं भाडं शेवटी तुमच्याच खिशातून जाणार आहे.