पहिला रिमोट

नव्वदच्या दशकात प्रत्येक सोसायटीत एक तरी मुलगा असा असे, की ज्याच्या घरी व्हिडिओ गेम होता. अभ्यासात बेताचा, क्रिकेटमध्ये अकरावा. पण मे महिना लागला की चपलांचा ढीग त्याच्याच दारात.

गेम म्हणजे निन्टेन्डोने १९८३ साली जपानात काढलेल्या फॅमिकॉमची विनापरवाना नक्कल. पण हा गळ्याची शपथ घेऊन सांगे, "ओरिजिनल आहे, मामाने सिंगापूरहून आणलाय." मामा लॅमिंग्टन रोडच्या पलीकडे गेलेला नसे. कॅसेटवर छापलेलं असे '९९९९९९९ इन १'. आत मारिओ, काँट्रा, रोड फायटर असे मोजके गेम, आणि यादीत खाली जावं तसे तेच नाव बदलून पुन्हा हजर. कोणी शंका काढलीच तर उत्तर तयार, "शेवटच्या पानावर वेगळे आहेत. ते मी एकटा असताना खेळतो."

टीव्हीवरच्या मुंग्यांतून चित्र काढणं आणि कॅसेट फुंकणं, हे दोन्ही मान त्याचे. फुंकल्याने पट्ट्या गंजतात असं म्हणणाऱ्याचा नंबर शेवटी जाई.

रिमोट दोन, पण पहिला कायम त्याच्याकडे. दुसऱ्या रिमोटला स्टार्ट आणि सिलेक्टची बटणंच नसत. त्यामुळे खेळ सुरू कधी करायचा, थांबवायचा कधी, सगळं याच्या अंगठ्याखाली. हरायची वेळ आली की पॉज. "थांबा, आई हाक मारतेय." आई खाली भाजी घेत असे.

काँट्रात धबधबा आला की हा टणाटण वर उड्या मारी. त्याच्याबरोबर स्क्रीन वर सरके आणि मागे राहिलेला जोडीदार गोळी न लागताच मरे. "जमत नाही ना? दे रिमोट पुढच्याला!" बदकं मारायच्या गेममध्ये स्वतः खेळण्यातल्या बंदुकीची नळी टीव्हीच्या काचेला टेकवी, बाकीच्यांनी सोफ्यामागून नेम धरायचा. का, तर नियम आहे.

वर सगळ्यांनी त्याच्या होला हो करायचं. कारण तो चिडला की अडॅप्टर तापे.

हल्ली तो सोसायटीचा सेक्रेटरी आहे. सभेत हिशेबाचा विषय निघाला की नेमका त्याला घरून फोन येतो.