आधी आडवे व्हा

सत्तरी गाठली की सरकार माणसाला वर्षाला पाच लाख रुपये देते. ही बातमी वाशीम जिल्ह्यात पोचली तेव्हा पारावर पहिला प्रश्न आला, 'रोख, की खात्यात?' दोन्ही नाही. हे पैसे खाटेत मिळतात. रुग्णालयात भरती व्हायचे, आडवे पडायचे, मग ते तुमच्या अंगावरून परस्पर रुग्णालयाकडे जातात. उभ्या माणसाला त्यातला छदामही मिळत नाही. पारावर बसलेल्या माणसाची गणना उभ्यातच होते, हेही लगेच स्पष्ट झाले.

ऑक्टोबर २०२४ हा आमच्यासाठी भलताच उदार महिना होता. ५ तारखेला पंतप्रधान पोहरादेवीला आले आणि किसान सन्मान निधीचा अठरावा हप्ता वाशीममधून देशभर सुटला. ९ तारखेला वाशीमच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. २९ तारखेला, धन्वंतरी जयंतीच्या मुहूर्तावर, सत्तरीपुढच्या सगळ्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड निघाले. २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान होते, हा ग्रहयोग.

कार्ड चांगले आहे, खोटे कशाला बोला. उत्पन्नाची अट नाही. पन्नास एकरांचा कास्तकार आणि त्याच्या शेतात सोयाबीन सोंगायला जाणारी म्हातारी, दोघांना सारखेच. घरात आधीपासून आयुष्मान असले तरी म्हाताऱ्यांचे पाच लाख वेगळे. शिवाय राज्याची महात्मा फुले योजना आहेच. तीही पाच लाखांपर्यंतची, आणि तीही खाटेचीच. आमच्या जिल्ह्यात एवढ्या खाटा नसतील जेवढे त्यांच्यावरचे लाख झाले आहेत.

आता सत्तरीच्या माणसाचा खरा खर्च बघा. सकाळी बीपीची एक, शुगरच्या दोन, रक्त पातळ राहायची एक, आणि या चारांनी पित्त होते म्हणून पाचवी. महिन्याच्या महिन्याला, मरेपर्यंत. या गोळ्या घ्यायला आडवे व्हावे लागत नाही. किंबहुना आडवे होऊ नये म्हणूनच त्या घ्यायच्या. नेमकी हीच त्यांची चूक. ज्या औषधाने माणूस रुग्णालयात जात नाही, ते औषध रुग्णालयाच्या बिलात येणार कसे?

पण वऱ्हाडी माणूस नियम वाचतो तो फट शोधायला. आमच्या एका निवृत्त गुरुजींना ती सापडली. भरती होण्याआधीचे ३ दिवस आणि सुटी झाल्यानंतरचे १५ दिवस औषधांचा खर्च योजनेत धरतात. गुरुजींचा विषय गणित. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर मांडले: आधीचे ३, नंतरचे १५, मधे २ दिवस खाटेवर, झाले २०. म्हणजे वर्षातून अठरा वेळा भरती झाले की ३६० दिवसांच्या गोळ्या फुकट. उरले पाच दिवस. ते दिवाळीचे धरायचे, तेव्हा तसेही अनारशांच्या नादात गोळी विसरते. पाच लाखांना अठराने भागले तर दर भरतीला २७,७७७ रुपये सुटतात, तेवढ्यात सरकारला एक म्हातारा सहज परवडावा. महिन्याच्या गोळ्यांचे हजार-दीड हजार थेट हातात दिले असते तर हा सगळा भागाकार वाचला असता. पण मग गुरुजींना काम राहिले नसते.

एक अडचण उरलीच. सुटीनंतरची औषधे ज्या आजारासाठी भरती झालात त्याच आजाराची मिळतात. गुरुजी म्हणाले, मग आजार नीट पाहून निवडायचा.

त्यांचा मुलगा न्यू जर्सीत असतो. त्याच्याकडून कळले की तिकडे ज्येष्ठांना औषधांचा विमाच वेगळा मिळतो, २००६ पासून. मेडिकेअरचा भाग डी म्हणतात. हप्ता निराळा, औषधांची यादी निराळी, आणि दर वर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या काळात म्हातारी माणसे चष्मा लावून पुढच्या वर्षीची योजना निवडत बसतात. स्वस्त हप्त्याच्या योजनेत नेमकी आपली गोळी नसते, हे तिकडेही जानेवारीत कळते. या विम्याला कित्येक वर्षे मेदूवड्यासारखे मधोमध भोक होते: एका रकमेपर्यंत विमा पैसे द्यायचा, मग हात वर करायचा, आणि खर्च पार आभाळाला टेकला की पुन्हा खाली यायचा. २०२५ मध्ये ते भोक बुजवले आणि त्या वर्षी म्हाताऱ्याच्या खिशातून २,००० डॉलरपेक्षा जास्त जाणार नाहीत असे ठरवले. गुरुजींना वाईट वाटले. आमच्याकडे भोक पहिल्यापासून तयार आहे, भोवतीचा वडा तेवढा तळायचा राहिला.

खासगी विम्याचेही दिवस पालटले आहेत. पॉलिसी घ्यायला असलेली ६५ वर्षांची वेस एप्रिल २०२४ मध्ये उठली, म्हणजे नव्वदीच्या आजोबांनाही आता नकाराऐवजी हप्त्याचा आकडा ऐकायला मिळू शकतो. आधीपासून आजार असेल तर तीन वर्षांपर्यंत थांबा. ज्येष्ठांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी आम्हाला विचारा, असे नियामकाने २०२५च्या जानेवारीत कंपन्यांना बजावले. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी माफ झाला. श्रावणबाळ योजनेच्या महिना १,५०० रुपयांवर जगणाऱ्या आमच्या मंडळींनी या सवलतीचे स्वागत केले आहे. कसली सवलत, ते त्यांना कोणी सांगितलेले नाही.

राहता राहिले जनऔषधी केंद्र. तिथली औषधे ५० ते ९० टक्के स्वस्त असतात असे सरकार सांगते, आणि फरक पडतो हे घेणारेही सांगतात. फक्त तिथे पोचायचे चिठ्ठी घेऊन, आणि चिठ्ठीवर असते कंपनीचे नाव. औषधाचे मूळ नाव लिहा असा दंडक ऑगस्ट २०२३ मध्ये डॉक्टरांना घातला गेला, आणि त्याच महिन्यात त्याला स्थगितीही मिळाली. दंडकालाही इतक्या लवकर सुटी मिळते, पेशंटला मिळत नाही. बरे, मेडिकलवाल्याने स्वतःहून त्याच घटकाची स्वस्त गोळी द्यावी, तर औषध नियमांतला ६५ वा नियम आडवा येतो: चिठ्ठीवर जे आहे तेच द्या. म्हणजे डॉक्टर लिहीत नाही, दुकानदार बदलत नाही, आणि आजोबा मोठ्या अक्षरांतले केंद्राचे नाव वाचून परत येतात.

यायला-जायला मात्र सरकारने काही कमी केलेले नाही. पंचाहत्तरी ओलांडली की एसटी फुकट. मानोरा तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातून म्हातारा स्वस्त गोळीच्या शोधात कारंजा, वाशीम, वाटल्यास अकोलाही फुकटात पालथे घालू शकतो. पासष्ट ते पंचाहत्तरवाल्यांना अर्धे तिकीट, त्यांची शोधमोहीमही अर्ध्यावर.

खरी फुकट गोळी गावातच आहे, हे या सदरात लिहिणे उपहासाला शोभत नाही, पण आहे. उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, बीपी-शुगरची तपासणी होते आणि महिन्याभराच्या गोळ्या मिळायच्या असतात. सरकारी दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. पाच लाखांच्या फलकाशेजारी ही योजना अगदीच बारकी दिसते, म्हणून तिचा फलक नसतो. आणि साठा संपला की सिस्टर म्हणते, 'आजी, या महिन्याला बाहेरून घ्या.' मग आजी पत्ता पुरवून पुरवून वापरते. एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड. बचतीची ही पद्धत कोणत्याही विमा कंपनीला अजून जमलेली नाही.

असल्याच एका आजी ग्रामपंचायतीत कार्ड काढायला आल्या होत्या. लॅपटॉपवाल्या पोराने त्यांना पाच लाख समजावून सांगितले, कोणकोणत्या शस्त्रक्रिया होतात तेही सांगितले. आजींनी सगळे ऐकून घेतले आणि पदराच्या गाठीतून रिकामा पत्ता काढून टेबलावर ठेवला.

'बापू, मले खाट नाई पाह्यजे. मले हे गोयी पाह्यजे.'

'आजी, गोळीचं यात नाही. भरती झालात तरच.'

'मंग लकवा आला की येऊ काय?'

'हो,' पोरगा म्हणाला, 'पण येताना आधारची झेरॉक्स आणा. आणि ओटीपी येतो तो मोबाइल.'