मावत नाही तो शेजारी

क्रॉफर्ड मार्केटजवळच्या दुकानातून दोन इंचांचा ऑस्कर मासा पिशवीत बसून घरी येतो, तेव्हा त्याच्याइतका गोजिरवाणा जीव दुसरा नसतो. टाकी भरलेली दिसावी म्हणून सोबत डझनभर गप्पी आणि निऑन टेट्रा. दुकानदाराने सांगितलेलं असतं, "काही होत नाही, सवय होते." वर्षभरात ऑस्कर जवळजवळ फूटभर होतो आणि टाकी मोकळी. घरचे फिल्टरकडे संशयाने पाहतात. ऑस्करच्या मनात मात्र काही वैर नसतं. तोंडात मावतो तो आहार, मावत नाही तो शेजारी, इतका त्याचा हिशेब सरळ.

फ्लॉवरहॉर्नचा रुबाब निराळा. १९९०च्या दशकात मलेशियात संकर करून घडवलेला हा मासा. डोक्यावरचं टेंगूळ जितकं मोठं तितकी घरात लक्ष्मी, असं सांगून तो विकला जातो. वास्तुतज्ज्ञाला विचारून टाकीची दिशा ठरते आणि त्यात हा एकटा राहतो. कारण काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबावरही तो धावून जातो. भरभराट आणणाऱ्याला शेजार सोसत नाही, याचं कोणाला नवलही वाटत नाही.

असा दादा मासा इतरांसोबत ठेवायचाच असेल तर जाणकार सांगतात, टाकीतले दगड हलवा. जुन्या हद्दी पुसल्या की दादा काही काळ गोंधळतो. टायगर बार्ब माशांचं तर आणखी गमतीचं. दोन-तीनच ठेवले तर ते एंजल माशाची शेपटी आणि पर कुरतडतात. आठ-दहा ठेवले की बहुतेक वेळ त्यांची आपापसातच जुंपते. मंत्रिमंडळ विस्तार करणाऱ्यांना हे वेगळं शिकवावं लागत नाही.